शॉर्टकट चालत नाही? कळ कोणाच्या हाती पडतेय ते आधी बघा

तक्रार साधारण एकाच छापाची असते. कालपर्यंत कंट्रोल + होम दाबलं की मजकुराच्या सुरुवातीला जाता यायचं, आज काहीच होत नाही. बाणाची कळ दाबली तर कर्सर जागचा हलत नाही, अख्खं पान सरकतं. स्पेस दाबून लेख खाली न्यायला जावं तर कोपऱ्यातला व्हिडिओ बोलायला लागतो. संगणक बंद करून चालू केला की थोडे दिवस सगळं बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे. शेवटी निष्कर्ष निघतो की कीबोर्ड गेला, नवा घ्या.

कीबोर्ड क्वचितच गेलेला असतो. तुम्ही दाबलेली कळ तुमच्या मजकुरापर्यंत थेट पोचत नाही, ती वाटेत बऱ्याच जणांच्या हातून जाते. आधी कीबोर्डचं स्वतःचं सर्किट, मग विंडोज किंवा मॅकओएस, मग मागे गुपचूप चालणारे छोटे प्रोग्राम, त्यानंतर ब्राउझर किंवा वर्ड. ब्राउझर असेल तर त्यातली एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम), उघडलेल्या पानाची स्वतःची स्क्रिप्ट आणि त्या पानातली ज्या चौकटीत फोकस आहे, म्हणजे दाबलेल्या कळा त्या क्षणी जिच्याकडे जातात, ती चौकट. यांपैकी कोणीही 'ही माझी' म्हणून कळ ठेवून घेऊ शकतो. घेतली की पुढच्याला तिचा पत्ता लागत नाही. म्हणून 'शॉर्टकट चालत नाही' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो कुठेतरी चाललेला असतो, भलतीकडे.

हे डोक्यात ठेवलं की शोध सोपा होतो. साखळीतला नेमका कोण मध्ये येतोय एवढंच शोधायचं असतं.

पहिल्या चार चाचण्या

सगळ्यात आधी एस्केप दोनदा दाबा, पानाच्या मधल्या कोऱ्या जागेवर एकदा क्लिक करा आणि तोच शॉर्टकट पुन्हा दाबून बघा. चालला तर प्रश्न फोकसचा होता. एखादी उघडी यादी, शोधाची चौकट किंवा न दिसणारा मेनू कळा खात होता. निम्म्याहून जास्त वेळा गोष्ट इथेच संपते असा माझा अंदाज आहे.

नाही चालला तर नोटपॅड उघडा, चार ओळी लिहा आणि तिथे कंट्रोल + होम, कंट्रोल + एंड, कंट्रोल + उजवा बाण दाबून बघा. नोटपॅडला स्वतःचे नखरे जवळपास नाहीत, म्हणून साक्षीदार म्हणून तो चांगला. तिथे सगळं नीट चाललं तर कीबोर्ड आणि विंडोज दोघेही सुटले, आता संशय ज्या प्रोग्राममध्ये अडचण येते त्याच्यावर. नोटपॅडमध्येही बोंब असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्ज उचकण्यात वेळ घालवू नका.

अडचण ब्राउझरमधली असेल तर तेच पान इन्कॉग्निटो किंवा खासगी विंडोत उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स सहसा बंद असतात. शॉर्टकट तिथे चालला आणि नेहमीच्या विंडोत चालत नसला तर चोर एक्स्टेन्शनच. क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर 'कीबोर्ड शॉर्टकट्स' असा वेगळा भाग आहे. कुठल्या एक्स्टेन्शनने कोणती जोडी अडवली आहे ते तिथे दिसतं आणि रिकामंही करता येतं. माऊस न वापरता ब्राउझर चालवण्यासाठी असलेली विमियमसारखी एक्स्टेन्शन्स मात्र या यादीत पकडली जात नाहीत, कारण ती पानाच्या आत शिरून साधी अक्षरंच ताब्यात घेतात. ज्यांनी कधीतरी हौसेने ती टाकली आणि विसरून गेले, त्यांना 'जे' दाबलं की पान खाली का सरकतं हे कोडं पडतं.

चौथी चाचणी स्क्रीनवरच्या कीबोर्डची. विंडोज + कंट्रोल + ओ दाबा, तो उघडेल. आता खरी कळ दाबली की पडद्यावरची तीच कळ उजळायला हवी. इथेच आणखी एक कामाची गोष्ट दिसते. कंट्रोल, शिफ्ट किंवा आल्ट तुम्ही न दाबताच उजळलेली असेल तर ती 'अडकली' आहे. दूरस्थ संगणकाच्या विंडोत काम करता करता मध्येच इकडे आलात की असं होतं. कळ तिकडे दाबलेली असते, सोडलेली इकडे, त्यामुळे एका बाजूला ती दाबलेलीच राहते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या कंट्रोल, शिफ्ट, आल्ट एकेकदा दाबून सोडल्या की गाठ सुटते.

बाण दाबला की कर्सरऐवजी सगळं सरकतं

एक्सेलमधला हा सनातन प्रश्न. खाली डाव्या कोपऱ्यातल्या पट्टीवर 'स्क्रोल लॉक' असे शब्द दिसतात का बघा. ही कळ १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर होती आणि आजच्या सॉफ्टवेअरपैकी फारच थोडी तिला किंमत देतात, एक्सेल त्यांतलं एक. ती चालू असेल तर बाण चौकट (सेल) बदलत नाहीत, पूर्ण शीट सरकवतात. बऱ्याच लॅपटॉपवर ही कळ छापलेलीच नसते, तरी ती एफएन कळेबरोबर एखाद्या अक्षरामागे दडलेली असते आणि चुकून दाबली जाते. अक्षर कोणतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून त्याच्या मागे लागू नका. वर सांगितलेला स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा आणि त्यावरचं स्क्रोल लॉक माऊसने बंद करा. पट्टीवर काहीच दिसत नसेल तर पट्टीवर राइट क्लिक करून स्क्रोल लॉकवर खूण करून ठेवा, पुढच्या वेळी लगेच कळेल.

एक्सेलमध्ये अशा आणखी काही 'अवस्था' आहेत आणि सगळ्यांची वर्दी त्याच पट्टीवर मिळते. एफ८ दाबलं गेलं की निवड वाढवण्याची अवस्था सुरू होते. मग बाण दाबला की चौकटींचा गठ्ठाच्या गठ्ठा निवडला जातो आणि शिफ्ट अडकल्यासारखं वाटतं. एस्केप दाबा, संपलं. एंड ही कळ एकदा दाबून सोडली तर 'एंड मोड' येतो आणि पुढचा बाण थेट भरलेल्या भागाच्या टोकाला उडी मारतो.

याहून जास्त त्रास देणारी तिसरी गोष्ट. चौकटीत लिहिताना एक अक्षर मागे जायला डावा बाण दाबला तर लिहिणंच संपतं आणि शेजारची चौकट निवडली जाते, पण तोच बाण कधी कधी नीट अक्षरांमध्ये फिरतो. हा बाणाचा लहरीपणा नाही. थेट टंकायला सुरुवात केली की पट्टीवर 'एंटर' अवस्था असते, त्यात बाण म्हणजे 'झालं लिहून, पुढे चला'. एफ२ दाबून चौकट उघडली की 'एडिट' अवस्था, त्यात बाण मजकुरात फिरतो. लिहिता लिहिता मध्येच एफ२ दाबूनही अवस्था बदलता येते, आणि लांब सूत्रं लिहिणाऱ्यांनी तर ही सवय लावूनच घ्यावी.

कंट्रोल + एंडबद्दलही इथेच सांगतो, कारण ती तक्रार दर काही दिवसांनी कोणीतरी करतंच. तक्ता २०० ओळींचा असतो आणि कंट्रोल + एंड दाबलं की कर्सर भलत्याच हजाराव्या ओळीत जाऊन बसतो. एक्सेल शेवटची भरलेली चौकट शोधत नाही, शेवटची वापरलेली चौकट शोधतो, आणि रंग किंवा रेघा दिल्या तरी चौकट वापरली गेली असंच धरतो. खालच्या रिकाम्या ओळी निवडून डिलीट कळ दाबल्याने फक्त मजकूर जातो. त्या ओळी पूर्ण काढून टाका, फाइल सेव्ह करा, मग कंट्रोल + एंड शहाण्यासारखं वागेल. याउलट कंट्रोल + खालचा बाण दाबून थेट १०,४८,५७६ व्या ओळीत पोचलात तर बिघाड नाही. खाली काहीच भरलेलं नव्हतं म्हणून तो शीटच्या तळाशी गेला. कंट्रोल + वरचा बाण दाबा, परत याल.

ब्राउझरमध्ये नेमका उलटा प्रकार घडतो. बाण दाबला की पान सरकायला हवं, तर पानावर एक बारीक लुकलुकणारी रेघ दिसते आणि तीच हलत राहते. एफ७ दाबलं गेलंय. क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये ती कळ 'कॅरेट ब्राउझिंग' सुरू करते, म्हणजे वेबपानावर वर्डसारखा कर्सर फिरवण्याची सोय. पहिल्यांदा ब्राउझर विचारतो, पण 'पुन्हा विचारू नका'वर खूण केली असेल तर नंतर गुपचूप सुरू होते. पुन्हा एफ७ दाबलं की बंद. तशी सोय फार चांगली आहे. माऊसला हात न लावता शिफ्ट + बाणाने नेमकी दोन वाक्यं निवडून कॉपी करायची असतील तर दुसरा इतका सोपा मार्ग नाही.

लॅपटॉपवर एफ७ किंवा एफ५ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर वरच्या रांगेतल्या कळा माध्यमांच्या कामाला लावलेल्या आहेत. पुष्कळ लॅपटॉपवर एफएन + एस्केपने ते उलटवता येतं. काहींवर त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावं लागतं.

वर्डमध्ये पान पुढे जायला दाबलं आणि भलतीकडेच गेलं

वर्डमधल्या शॉर्टकटच्या तक्रारींत मला सर्वात रास्त वाटणारी ही तक्रार. कंट्रोल + पेज डाउन दाबलं की पुढच्या पानाच्या सुरुवातीला जायला हवं. एक दिवस ते अचानक तीन पानं पुढे उडी मारतं, नंतर सात पानं, कधी दोनच ओळी. कारण असं, की ही जोडी 'पुढच्या पानावर' नेत नाही, 'मागच्या वेळी जे शोधलं त्याच्या पुढच्या ठिकाणी' नेते. सुरुवातीला ते 'जे' म्हणजे पान असतं. तुम्ही मध्ये कंट्रोल + एफने एखादा शब्द शोधलात की ते 'जे' म्हणजे तो शब्द होतो आणि पडद्यावर याची काहीही खूण नसते. जुन्या आवृत्त्यांत उभ्या सरकपट्टीच्या तळाशी दोन बाण आणि मध्ये एक गोळा असायचा, त्यावरून थोडा अंदाज तरी यायचा. २०१३ च्या आवृत्तीत ती बटणं गेली, वागणूक मात्र तशीच राहिली. हा निर्णय काही मला पटलेला नाही.

उपाय सोपा. कंट्रोल + जी दाबा, यादीत 'पेज' निवडा, कोणताही पानक्रमांक देऊन तिथे जा आणि चौकट बंद करा. आता कंट्रोल + पेज डाउन पुन्हा पानोपान चालेल. पुढच्या शोधापर्यंत.

साधं पेज डाउन मात्र पान कधीच ओलांडत नाही, ते एक पडदाभर खाली जातं. 'दाबलं तरी पान बदललं नाही' अशी तक्रार त्यामुळेही येते.

ईमेलमधून आलेली फाइल उघडली आणि कर्सरच दिसत नाही, बाण दाबले की मजकूर पानं उलटल्यासारखा सरकतो, असं असेल तर ती वाचनाच्या दृश्यात उघडली आहे. एस्केप दाबून नेहमीच्या दृश्यात या. दरवेळी होत असेल तर वर्डच्या पर्यायांमध्ये जोडपत्रं वाचनदृश्यात उघडण्यावरची खूण काढून टाका. वर्डमध्येही एफ८ने निवड चिकटते. तिथे तर प्रत्येक पुढच्या एफ८ला आधी शब्द, मग वाक्य, मग परिच्छेद, मग अख्खा मजकूर अशी निवड वाढत जाते. अशा वेळी घाबरून डिलीट दाबलं तर निवडलेलं सगळं एका फटक्यात जाऊ शकतं. हात आवरा, एस्केप दाबा, मग एकदा बाण दाबून निवड सोडा, आणि काही गेलंच असेल तर कंट्रोल + झेड.

आणि वाट चुकलातच तर शिफ्ट + एफ५. शेवटचा बदल जिथे केला होता तिथे वर्ड परत नेतं, फाइल बंद करून उघडल्यावरही. लांब मजकुरावर काम करणाऱ्यांना हे माहीत नसतं याचं मला नेहमी नवल वाटतं.

वेबपानं: फोकस दिसत नाही म्हणून घोटाळा

पूर्वी क्रोममध्ये बॅकस्पेस दाबलं की मागच्या पानावर जायचं. २०१६ मध्ये, ५२ व्या आवृत्तीत, ते काढून टाकलं. फायरफॉक्सने २०२१ मध्ये, ८७ व्या आवृत्तीत, तेच केलं. दोघांचं कारण एकच. लोक मोठाले फॉर्म भरत असत, कर्सर चौकटीत आहे असं समजून अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबत, फोकस मात्र चौकटीबाहेर असायचा, आणि पान मागे जाऊन लिहिलेलं सगळं गायब. आता मागे जायला आल्ट + डावा बाण. अजूनही 'बॅकस्पेस बिघडलं' असं म्हणणारे भेटतात, त्यांना एवढं सांगितलं की पुरतं.

फोकस कुठे आहे हे न दिसणं हाच वेबवरचा मूळ आजार. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या निर्देशांत फोकस डोळ्यांना दिसला पाहिजे, असं २००८ च्या २.० आवृत्तीपासून आहे. तरी कित्येक साइट दिसायला बरं दिसावं म्हणून फोकसभोवतीची चौकट पुसून टाकतात. अशा पानावर टॅब दाबत राहिलात तर आपण कुठे आहोत याचा पत्ता लागत नाही. अशा वेळी कंट्रोल + एल दाबून पत्त्याच्या पट्टीत जा. निदान ते ठिकाण नक्की माहीत आहे. तिथून एफ६ दाबत गेलं की ब्राउझरचे भाग आणि पान यांमध्ये क्रमाने फिरता येतं. पानावर उतरल्यावर पहिल्याच टॅबला कधी 'मुख्य मजकुराकडे जा' अशी कडी (लिंक) उगवते. एंटर दाबा, मेनूच्या चाळीस कड्या ओलांडायचे कष्ट वाचतात.

पेज डाउन आणि स्पेस चालत नाहीत आणि माऊसचं चाक मात्र चालतं, अशीही पानं असतात. त्यांत सरकणारा भाग म्हणजे पूर्ण पान नसतं, पानातली एक आतली चौकट असते. चाक जिथे असतं तिथलं सरकवतं, कळा मात्र फोकस असलेल्या भागाकडे जातात. मजकुरावर एकदा क्लिक केलं की काम होतं. क्लिक नको असेल तर टॅबने त्या चौकटीतल्या एखाद्या कडीवर जा, मग बाण त्याच चौकटीला लागू होतात. जडवलेल्या व्हिडिओत किंवा नकाशात फोकस अडकला तरी हेच होतं. स्पेसने व्हिडिओ सुरू होतो तो यामुळेच.

कंट्रोल + एफची गोष्ट निराळी. कंट्रोल + टी, कंट्रोल + डब्ल्यू, कंट्रोल + एन या जोड्या नेहमीच्या टॅबमध्ये क्रोम स्वतःकडे राखून ठेवतो, साइटला त्यांना हात लावता येत नाही. कंट्रोल + एफ मात्र आधी साइटला विचारून मग ब्राउझरकडे येतं. गूगल डॉक्ससारखी साइट ती जोडी घेऊन स्वतःचा शोध उघडते आणि तिथे ते योग्यही आहे, कारण लांब मजकुराचा न दिसणारा भाग ब्राउझरला दिसेलच असं नाही. पण साध्या वाचनाच्या साइटनेही ती पळवावी हे मला बिलकुल आवडत नाही. काही साइटवर तीच जोडी लगोलग दुसऱ्यांदा दाबली की ब्राउझरचा खरा शोध उघडतो. नाहीच उघडला तर ब्राउझरच्या मेनूतून 'शोधा' निवडा, तिथे साइटचा हात पोचत नाही.

शोध उघडतो पण डोळ्यांना दिसणारा शब्दसुद्धा सापडत नाही, असंही होतं. खाली सरकत जाल तसं भरत जाणाऱ्या पानात न आलेला मजकूर शोधता येत नाही, हे एक. दुसरं, मराठीत हा त्रास जास्त. जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये बनवलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसतं आणि आत भलतीच अक्षरं साठवलेली असतात. तिथला एखादा शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा, इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला तर शोध चालायची आशा सोडा. तिसरं, 'दुसऱ्या'मधल्या ऱ्यासारखी जोडाक्षरं दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकता येतात. दिसायला सारखी, आत निराळी. शब्दाचा साधा तुकडा शोधला, 'दुस' एवढाच, तर पुष्कळदा काम होतं.

मराठी लेआउट चालू असताना

हा भाग मुद्दाम सावकाश वाचा, कारण इंग्रजीतल्या मदतपानांवर तो कधी सापडत नाही आणि 'कधी चालतं, कधी नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट (कोणत्या कळेवर कोणतं देवनागरी अक्षर हे ठरवणारं लेआउट) चालू असलं तरी कंट्रोल + सी, कंट्रोल + एफ, कंट्रोल + होम हे सगळं चालतं, कारण तिथे कळेवरचं अक्षर बघितलं जात नाही, कळेचा आतला क्रमांक बघितला जातो. गडबड होते ती एकट्या अक्षराच्या शॉर्टकटमध्ये. कित्येक साइटवर 'जे' म्हणजे पुढचं, 'के' म्हणजे मागचं, तिरपी रेघ म्हणजे शोध. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळांवर र, क आणि य आहेत. साइटने 'कोणतं अक्षर आलं' असं तपासलं तर तिला 'र' मिळतो, ती गप्प बसते. 'कळ कुठली' असं तपासलं तर तीच कळ मराठीतही चालते. दोन साइट दोन रीतींनी लिहिलेल्या असतात, म्हणून एकीकडे चालतं आणि दुसरीकडे नाही, आणि माणूस मात्र कीबोर्डवर चिडतो. विंडोज + स्पेस दाबून इंग्रजीवर या आणि पुन्हा बघा. जीमेलमध्ये तर हे एकअक्षरी शॉर्टकट सेटिंग्जमध्ये जाऊन आधी चालू करावे लागतात, तेही तपासा.

उच्चारानुसार टंकणाऱ्यांची अडचण वेगळी. शब्द अर्धवट टंकलेला असतो आणि पर्यायांची छोटी यादी उघडी असते तोवर बाण, टॅब, एंटर आणि कधी आकडेसुद्धा त्या यादीचे असतात. वर-खाली बाण दाबला की कर्सर ओळ बदलत नाही, यादीतला पर्याय बदलतो. स्पेस किंवा एस्केपने शब्द संपवा, मग बाण तुमचा.

लेआउट आपोआप बदलतं अशी तक्रार असेल तर डावीकडची आल्ट + शिफ्ट ही जोडी बघा. ती भाषा बदलते, आणि आल्ट + शिफ्ट + बाणाने वर्डमध्ये परिच्छेद वर-खाली हलवताना बोट बाणावर पोचलं नाही तर तेवढीच दाबली जाते. विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंग्जमध्ये भाषेच्या हॉट कीज (शॉर्टकट) आहेत, तिथे ती जोडी काढून टाका. विंडोज + स्पेस पुरेसं आहे. त्याच ठिकाणी 'प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत' अशीही खूण आहे. ती चालू असेल तर ब्राउझरमध्ये मराठी आणि वर्डमध्ये इंग्रजी असं आपलं आपण होत राहतं. कोणाला ते सोयीचं वाटतं, कोणाला भुताटकी.

इंग्रजीच्या लेआउटमध्येही एक खोच आहे. 'इंग्लिश (इंडिया)' लेआउटमध्ये उजवी आल्ट वेगळी चिन्हं काढायला वापरतात, आणि विंडोजच्या लेखी कंट्रोल + आल्ट मिळून तीच कळ होते. त्यामुळे गूगल डॉक्समध्ये चौथ्या पातळीचं शीर्षक करायला कंट्रोल + आल्ट + ४ दाबावं तर मजकुरात रुपयाचं चिन्ह उमटू शकतं. 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' लेआउट घेतलं की हा प्रश्न राहत नाही.

एक बारकावा आणखी. देवनागरीत बाण दाबला की कर्सर अख्खं जोडाक्षर ओलांडतो, डिलीटही बहुतेक ठिकाणी पुढचं अख्खं अक्षर खातं, बॅकस्पेस मात्र मागचा एकेक तुकडा खोडतं, म्हणजे आधी वेलांटी, मग व्यंजन. बिघाड समजू नका. चुकलेली मात्रा तेवढी सुधारायला ते फार उपयोगी पडतं.

शिफ्ट + एंडने ओळ निवडली जात नाही

तुम्ही उजवीकडच्या आकड्यांच्या गठ्ठ्यातली एंड कळ दाबताय का? तिथे १ वर एंड, ७ वर होम, ९ वर पेज अप आणि ३ वर पेज डाउन असतं. नम लॉक बंद असेल तर त्या कळा तशाच चालतात. चालू असेल तर आकडा उमटतो, पण शिफ्टबरोबर दाबल्यास विंडोज त्या शिफ्टचा अर्थ 'तात्पुरतं नम लॉक बंद' असा घेतं. शिफ्ट तिथेच खर्ची पडते आणि पुढे नुसतं एंड पोचतं. कर्सर ओळीच्या टोकाला जातो, निवड होत नाही. नम लॉक बंद करून दाबा किंवा मधल्या गठ्ठ्यातली वेगळी एंड कळ वापरा.

याच गठ्ठ्याने माऊसचा बाण हलायला लागला तर डावी आल्ट + डावी शिफ्ट + नम लॉक दाबली गेली आहे. तीच पुन्हा दाबा, माऊस कीज बंद होईल. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबली गेली आणि येणाऱ्या प्रश्नाला घाईत 'हो' म्हटलं तर स्टिकी कीज सुरू होते, मग एकदा दाबलेली कंट्रोल पुढच्या कळेपर्यंत धरून ठेवली जाते. संगणक एकदम बोलायला लागला आणि कॅप्स लॉक विचित्र वागू लागलं तर विंडोज + कंट्रोल + एंटर, पडदा वाचून दाखवणारा नॅरेटर बंद. या सगळ्या सोयी कोणाच्या तरी रोजच्या गरजेच्या आहेत. संगणक सामायिक असेल तर बंद करण्याआधी विचारा.

कंट्रोल + आल्ट + बाणाने पडदाच उलटा झाला तर जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या हॉट कीज चालू आहेत. कंट्रोल + आल्ट + वरचा बाण दाबून सरळ करा आणि ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये हॉट कीज बंद करा.

मॅकवर आलेल्यांसाठी थोडक्यात

विंडोजवरून मॅकवर आलेल्यांना होम आणि एंड बिघडल्यासारख्या वाटतात. मॅकच्या पुष्कळ प्रोग्राममध्ये त्या मजकुराचं टोक दाखवतात, कर्सर मात्र जागेवरच ठेवतात. ओळीच्या टोकाला जायला कमांड + डावा किंवा उजवा बाण, मजकुराच्या टोकाला कमांड + वर किंवा खाली, शब्दाशब्दाने जायला ऑप्शन + बाण. कंट्रोल + बाण दाबू नका, त्याने बहुधा दुसऱ्या डेस्कटॉपवर जाल. सफारीत टॅब फक्त लिहिण्याच्या चौकटींवर थांबतो आणि कड्या ओलांडतो. ऑप्शन + टॅबने कड्याही मिळतात, किंवा प्रगत सेटिंग्जमध्ये टॅबसाठीची खूण कायमची करून टाका.

एवढं करूनही नाही जमलं तर

मग कीबोर्डवर संशय घ्यायला हरकत नाही, पण तोही नीट घ्या. स्वस्तातल्या कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात आणि काही ठरावीक तीन कळा एकत्र दाबल्या की तिसरी नोंदलीच जात नाही. कंट्रोल + शिफ्ट + बाण चालत नाही आणि दोन-दोन कळा सुट्या सुट्या चालतात, असं असेल तर डावीकडच्या कंट्रोल-शिफ्टऐवजी उजवीकडच्या वापरून बघा. त्या जाळीत वेगळ्या ठिकाणी असतात. उजव्या बाजूने चाललं तर कीबोर्ड बिघडलेला नाही, त्याची कुवतच तेवढी आहे, आणि उजवीकडची सवय करून घेतली तर तो बदलायचीही गरज नाही. दोन्हीकडून चालत नसेल आणि स्क्रीनवरच्या कीबोर्डवर ती कळ उजळतही नसेल, तर दुसरा कीबोर्ड लावून तीच जोडी एकदा दाबून बघा. त्यावर लगेच चालली तर मात्र जुना कीबोर्ड खरंच गेला आहे.